मालिकेतल्या खुनासाठी आम्ही घर दिलं, त्याची हकीकत

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार. गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. मुंबईकर मंडळी परत गेली होती. मी आणि काकी माटवी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, उतरवत होतो तेवढ्यात फोन आला. एका मराठी मालिकेसाठी जुनं चिरेबंदी घर शोधताहेत, खेडेगावात घडणारी खुनाच्या तपासाची गोष्ट आहे, तुमच्या घराचे फोटो बघितलेत, येऊन बघू का?

देवगड तालुक्यात समुद्रापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आमचं घर आहे. पुढे खळं म्हणजे अंगण, मग लोटा म्हणजे ओटी, माजघर, देवखोली, मागे पडवी, आणि परसात पिण्याच्या पाण्याची विहीर. घरात आम्ही दोघीच, अठ्ठ्याहत्तर वर्षांची काकी आणि मी. छपराची दुरुस्ती तीन वर्षं पुढे ढकलत होतो, त्यामुळे मी 'या' म्हटलं. पुढे अकरा महिने हे प्रकरण चाललं. त्या काळात मला विचारायला कुणी नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली रेकी, म्हणजे जागेची पाहणी, २१ सप्टेंबरला झाली. लोकेशन बघणारा एकटाच आला होता, खोल्यांची मापं आणि फोटो घेऊन गेला. २७ तारखेला दिग्दर्शक, कॅमेरामन, कला विभागाचे दोघं आणि ध्वनिमुद्रण करणारा मुलगा असे पाच जण आले. प्रत्येकाची नजर वेगळी. कॅमेरामन खळ्यात ऊन कधी येतं ते बघत होता, कला विभागवाले भिंतीला हात लावून बघत होते. ध्वनीवाला मात्र डोळे मिटून लोट्यात बसला. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "ही समुद्राची गाज दिवसभर अशीच असते का?"

आठवडाभराने होकार आला. त्यांना तीस दिवस हवे होते, पुढे पक्के झाले ते २५ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर आणि ६ ते १५ जानेवारी. त्याआधी तयारीचे सहा दिवस. दिवसाला सहा हजार देऊ म्हणाले. मी सावंतवाडीकडच्या ओळखीच्या लोकांना विचारलं. तिकडे २०१६ साली आकेरीत 'रात्रीस खेळ चाले'चं चित्रीकरण सुरू झाल्यापासून लोकांना या व्यवहाराचा अंदाज आहे. शेवटी चित्रीकरणाच्या दिवसाला नऊ हजार, तयारीच्या दिवसाला त्याच्या निम्मे आणि पन्नास हजार अनामत असं ठरलं. एकूण २,९७,०००. अनामतीवर अडून बसा. पुढे नुकसानीचं बोलणं झालं तेव्हा आमच्या हातात तेवढीच गोष्ट होती.

त्यानंतर कागदांची पाळी आली, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत जड गेलं ते हेच. मालिका करणाऱ्या कंपनीच्या वकिलांनी सातबारा, आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना ८, मागितला. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघाला. त्यावर नऊ नावं, आणि त्यातले दोघं वारलेले, वारस नोंद न झालेले. कोकणात बहुतेक घरांची हीच कथा आहे. भाऊ गेला, मुलं मुंबईत वाढली, गणपतीला सगळे एकत्र येतात, पण कागद तिथेच थांबलेला. वकिलांचं म्हणणं सरळ होतं, सगळ्या सहहिस्सेदारांची आणि वारसांची लेखी संमती द्या, नाहीतर दुसरं घर बघतो.

फोन दहा दिवस आधी आला असता तर हयात सहहिस्सेदार आणि वारस मिळून अकराही जण याच माजघरात जेवायला बसलेले होते, एका दुपारी सह्या झाल्या असत्या. आता एकच संमतीपत्र कांजूरमार्ग, डोंबिवली, पुणे आणि बडोदा असं फिरवायचं होतं. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभराऐवजी किमान पाचशे रुपयांचा स्टॅम्प लागू झाला. शंभराच्या स्टॅम्पवर टाइप करून घेतलेला मसुदा बाजूला ठेवून नवा करावा लागला. करार आणि संमतीपत्र मिळून हजाराचे स्टॅम्प, नोटरी वेगळी, कुरिअर वेगळं. माझ्या वहीत कागदपत्रांचा एकूण खर्च ४,३८० रुपये लिहिलेला आहे.

सह्यांपेक्षा मनं वळवायला जास्त वेळ गेला. पुण्याच्या चुलतभावाला पैशांची वाटणी कशी होणार हे आधी लिहून हवं होतं, ते रास्तच होतं. सगळे पैसे छपराला जातील, हिशोब गणपतीत सगळ्यांसमोर ठेवू, असं ठरलं. बडोद्याच्या आत्तेची काळजी वेगळी होती. ती म्हणाली, "आपल्या घरात कोणाला मारलेलं दाखवणार, आणि त्याच माजघरात आपण सवाष्ण जेवायला बसवतो." मी तिला समजावायला गेले नाही. दिग्दर्शकाला फोन करून विचारलं, मृतदेह घरात दाखवायलाच हवा का? दोन दिवसांनी त्याने कळवलं, मृतदेह विहिरीजवळ सापडेल, माजघर आणि देवखोलीत तसला प्रसंग घेणार नाही. हे करारात कलम म्हणून आलं तेव्हाच आत्तेने सही केली. कागद परत आला १३ नोव्हेंबरला, निघाल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी. वारस नोंदीचा अर्जही मी याच निमित्ताने ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे दिला. तलाठ्यांना आता हेच म्हणतात. नोटिशीचे पंधरा दिवस धरून तो फेरफार जानेवारीत मंजूर झाला. घर कुणाला द्यायचं असो वा नसो, हे काम गणपतीत सगळे जमलेले असताना करून घ्या.

ग्रामपंचायतीची ना-हरकत कंपनीने मागायची असते, पण अर्ज घेऊन मी सोबत गेले. मासिक सभेत विषय आला. दोन अटी पडल्या. ग्रामदेवतेचं किंवा गावाचं खरं नाव मालिकेत वापरायचं नाही, आणि १५ डिसेंबरच्या जत्रेआधी गाड्या, जनरेटर, सगळं हलवायचं. पहिला टप्पा १४ ला संपवायचा ठरला तो त्यामुळेच. मग देवळात गाऱ्हाणं झालं. गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, नारळ ठेवून "बा देवा म्हाराजा" म्हणत कंपनीचं, आमचं आणि बाहेरून येणाऱ्या माणसांचं रक्षण मागितलं, मागून सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. त्या ओळीत कॅमेरामन आणि लाइटची मुलंही हात जोडून उभी होती. मला त्या दिवशी पहिल्यांदा धीर आला.

किनाऱ्यावरच्या प्रसंगांसाठी महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाची परवानगी आणि बाकीचे सरकारी अर्ज कंपनीच्या माणसांनीच केले. चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, त्यामार्फत. त्यात घरमालकाला काही करावं लागत नाही, पण प्रत्येक परवानगीची प्रत मागून घ्या. पोलीस ठाण्याला दिलेलं पत्र तर नक्कीच. तारखा, रात्रीच्या वेळा, पोलिसांचे गणवेश घातलेले कलाकार, खोटं पिस्तूल, खोटी पोलीस जीप, सगळं त्यात लिहिलेलं होतं. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, सगळे बंदोबस्तात, म्हणून हे पत्र आधीच देऊन शिक्क्याची पोच घेतली होती. ती प्रत मी देवखोलीच्या दाराआड खिळ्याला अडकवून ठेवली.

१९ तारखेला कला विभाग आला. त्याच्या आदल्या तीन दिवसांत मी आणि काकीने घरातल्या वस्तूंची यादी केली होती, एकूण ६३. कुठली वस्तू कुठे आहे, तिच्यावर आधीचा ओरखडा कुठे आहे. सोबत फोनवर २१२ फोटो, भिंतींचे, जमिनीचे, कौलांचे, विजेच्या मीटरच्या आकड्यांचेसुद्धा. यादीच्या प्रत्येक पानावर कंपनीच्या माणसाची सही घेतली. काकीने चार वस्तू 'हलवायच्या नाहीत' म्हणून वेगळ्या सांगितल्या : देव्हारा, जातं, लोट्यातला झोपाळा आणि माझ्या आज्याची काठी. विहीर यादीत लिहायची मात्र आम्हा दोघींनाही सुचली नाही.

चित्रीकरण सुरू झालं तसं घर ओळखू येईना. खिडक्यांना बाहेरून काळं कापड, आत दिवसाढवळ्या मध्यरात्र. कोंबडा आरवला की थांबा, एसटीचा हॉर्न वाजला की थांबा. सकाळी सातला कॉलशीटप्रमाणे, म्हणजे त्यांच्या रोजच्या वेळापत्रकाप्रमाणे, गाड्या यायच्या, साठ-सत्तर माणसं. ध्वनीवाल्या मुलाची अडचण गाजेची होती. भरतीला ती इतकी वाढायची की हळू आवाजातले संवाद घेता येत नव्हते. शेजारच्या भाऊंनी त्याला आमच्याकडचा ढोबळ हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता. रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे. त्याने भिंतीवर कॅलेंडर लावलं, आणि दुसऱ्या आठवड्यापासून दबक्या आवाजातले प्रसंग ओहोटीच्या वेळेला लागायला लागले.

रहस्यमालिका तुकड्यातुकड्यांत, उलटसुलट घेतात हे मला माहीत नव्हतं. खुनी कबुली देतो तो शेवटचा प्रसंग तिसऱ्याच दिवशी घेतला, कारण तो कलाकार पुढे दुसरीकडे अडकला होता. त्या दिवशी खोलीत मोजून सात-आठ माणसं ठेवली होती. पण दिवेलागणीची वेळ झाली, आणि देवखोलीत जायची वाट त्याच माजघरातून. काकी म्हणाली, दिवा चुकायचा नाही. तिला आत जाऊ दिलं, मी तिच्यासोबत, आणि दोघींनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी आमच्यापुढे गोपनीयतेचा कागद आला. त्यात भंग झाल्यास दंडाची मोठी रक्कम होती. ती काढा, मगच सही करू, असं मी सांगितलं आणि त्यांनी काढली. असा कागद पुढे आला तर न वाचता सही करू नका, आणि रक्कम काढून मागायला लाजूही नका. काकीने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मग सही केली.

तेव्हापासून आम्ही दोघी सहा महिने ते नाव पोटात घेऊन वावरलो. दूधवाला विचारायचा, बचत गटाच्या बायका विचारायच्या, डोंबिवलीची भाची फोनवर अंदाज सांगायची. वाडीत प्रत्येकाचा वेगळा संशयित. मला फार अवघड जायचं. काकी मात्र "बघा टीव्हीवर" म्हणून कामाला लागायची.

विहिरीची गोष्ट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. तपासाला आलेल्या महिला अधिकाऱ्याला सकाळी रहाटाचा दोर ओला दिसतो, म्हणजे रात्री कुणीतरी इथे आलं होतं, असा तो प्रसंग. कला विभागाच्या मुलाने बादलीभर पाणी ओतून अर्धा दोर भिजवला. काकी पडवीतून बघत होती. ती उठून आली आणि दोराला हात लावून म्हणाली, "इतको कित्याक भिजयलास? कळशी बुडली की वडूचा, हातभर भिजता. अर्दो दोर भिजलो तर काय तरी तळाक गेलला असतला." सगळे गप्प झाले. साहाय्यक दिग्दर्शिकेने तिला पुन्हा सांगायला लावलं. विहिरीला पाणी कुठवर आहे, कळशी कशी बुडते, रहाटावरून दोर परत येताना कुठपर्यंत थेंब राहतात, सगळं विचारलं आणि लेखकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या प्रसंगाची नवी पानं आली. दोर किती हात भिजलाय ते ती अधिकारी मोजते, आणि विहिरीत जड काहीतरी सोडलंय हे तिला तिथे कळतं. मुंबईत बसून लिहिलेल्या गोष्टीत आमच्या परसातलं पाणी आलं, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

त्याच विहिरीवरून जानेवारीत मात्र वाद झाला. गोष्टीतल्या त्याच रात्रीचे उरलेले काही तुकडे घ्यायचे होते, आणि तोवर पाणी चांगलं दोन हात खाली गेलेलं. आधीच्या फोटोंशी पातळी जुळेना. टँकर मागवून विहिरीत पाणी ओतायचं त्यांनी ठरवलं. काकीने कठड्यापाशी खुर्ची टाकली आणि बसून राहिली. पिण्याची विहीर, कुठलं पाणी कोण ओतणार? करारात विहिरीबद्दल एक ओळ नव्हती, त्यामुळे अर्धा दिवस बोलण्यात गेला. अखेर कॅमेरा खाली ठेवून फक्त रहाट आणि दोर दिसेल असं घेतलं. विहीर, मागचं आवार, झाडं, संडास, वाट, जे जे वापरात येणार ते ते करारात लिहा.

वाटेचंही तसंच. जानेवारीत भाऊंच्या आंब्याच्या कलमांना मोहोर आलेला, आणि गाड्यांनी उडालेली तांबडी माती थेट मोहोरावर बसत होती. भाऊ भांडले नाहीत. ते सकाळी आले, मला हाताला धरून बागेत घेऊन गेले आणि एक फांदी दाखवली. मोहोर विटकरी झाला होता. हे त्यांचं वर्षाचं उत्पन्न. मी त्याच दिवशी कंपनीकडून वाटेवर दिवसातून तीनदा पाणी मारायचं कबूल करून घेतलं आणि मोठ्या गाड्या शाळेजवळ थांबवल्या. घर आपण देतो, पण धूळ आणि आवाज शेजाऱ्यांच्या वाट्याला जातो. त्यांच्याशी करार करायच्या आधी बोलायला हवं होतं. ते मी केलं नाही, ही माझी चूक.

९ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास विहिरीजवळून 'मृतदेह' उचलून नेण्याचा प्रसंग चालू होता. रस्त्यावरून मासळीचा टेम्पो जात होता. त्या ड्रायव्हरला झाडीतून फक्त चादरीत गुंडाळलेलं माणूस आणि धावपळ दिसली. त्याने ११२ ला फोन केला. त्याने बरोबरच केलं. पोलीस आले तेव्हा कंपनीचा जबाबदार माणूस जेवायला गावात गेलेला. मी दाराआडची पोच काढून दिली. त्यांनी वाचली, बाहुलीला हात लावून खात्री केली, दहा मिनिटांत गेले. ती प्रत घरात नसती तर रात्र कशी गेली असती, कोण जाणे.

१५ जानेवारीला गाड्या निघाल्या आणि घर एकदम सुनं झालं. दुसऱ्या दिवशी यादी घेऊन बसलो. ६३ च्या ६३ वस्तू होत्या. चौदा कौलं फुटलेली. तशी जुनी कौलं आता मिळत नाहीत, मांगराची, म्हणजे बाहेरच्या खोपीची, काढून घरावर चढवली आणि मांगरावर पत्रा घातला. जास्त त्रास झाला तो डागाचा. विहिरीच्या पायरीवर सांडलेलं खोटं रक्त गोड पाकाचं होतं. आधी मुंग्यांची रांग लागली, मग कळलं की रंग चिऱ्यात मुरलाय. जांभा सगळं शोषून घेतो. पाणी, साबण, काथ्याचा ब्रश, काही उपयोग झाला नाही. गवंड्याकडून दोन चिऱ्यांचा वरचा थर टाचून घ्यावा लागला. कौलं, मजुरी आणि पत्रा मिळून ११,६०० खर्च आला, तो अनामतीतून वळता केला. फोटो दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही. पण शेवटचा हप्ता पंधरा दिवसांत द्यायचं ठरलेलं असून ११ मार्चला आला. मी दर सोमवारी एक मेल आणि एक फोन असा नेम ठेवला होता. चिडून बोलले नाही, पण सोडलंही नाही. भाड्यातून दहा टक्के टीडीएस, २९,७०० रुपये, काकीच्या पॅनवर कापला गेला. फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, मागून घेतला, आयकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात नोंद तपासली, रिटर्न भरलं आणि ऑगस्टमध्ये ते पैसे परत आले. छपराचं काम एप्रिल-मे मध्ये झालं, पावसाच्या तोंडावर.

मालिका एप्रिलमध्ये सुरू झाली. शेवटचा भाग मेअखेरीस होता. भाऊंनी टीव्ही खळ्यात आणून ठेवला, वाडीतली चाळीसएक माणसं चटया टाकून बसली. ज्या जागी बसलो होतो तीच जागा पडद्यावर दिसत होती, मुलं मागे वळून खांब बघत होती. दोर मोजायचा प्रसंग पुन्हा दाखवला तेव्हा मी काकीकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते, ती हात मोजत होती. मग माजघर आलं, कबुली आली, नाव कळलं. खळ्यात एकच गलका झाला.

भाऊंची सून काकीकडे सरकली. "काकी, तुका आधीच म्हायत होता?"

"होता," काकी म्हणाली. "सही केललंय, मगे सांगतलंय कसा?"

आणि ती चटई झटकून दिव्यात तेल आहे का ते बघायला आत गेली.